पाणचक्की, उलटं चढणारं पाणी आणि भाकरीचं हॉटेल: एका फिरत्या मजकुराला उत्तर

छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीबद्दल एक लांबलचक मजकूर मोबाइलवरून मोबाइलवर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मलिक अंबरानं १६२४ साली बाबा शाह मुसाफिरांच्या स्मरणार्थ ही गिरणी बांधली. जगात अशी दुसरी नाही. तिचं पाणी गुरुत्वाकर्षणाला न जुमानता वर चढतं आणि ते कुठून येतं हे आजवर कुणाला कळलेलं नाही. चारशे वर्षांत ते एकदाही थांबलं नाही. वीज लागत नाही, म्हणजे ऊर्जा फुकट. शेवटी सूचना येते: परदेशात जुन्या गिरण्यांची सुंदर रेस्टॉरंट झाली आहेत, तर इथंही ‘जातं तयार आहे, पाणी सोडा, ज्वारी दळा आणि हौदाखालच्या गार तळघरात गरम भाकरी वाढा.’

मजकूर लिहिणाऱ्याला वास्तूबद्दल प्रेम आहे, ते जाणवतं. पण यातली बहुतेक विधानं चुकीची आहेत, आणि ती खरी धरून कुणी काम काढलं तर वास्तूचंच नुकसान होईल. म्हणून एकेक दावा घेऊ.

‘मलिक अंबरानं १६२४ साली, बाबा शाह मुसाफिरांच्या स्मरणार्थ’

या एका वाक्यातल्या दोन गोष्टी एकमेकींना खोट्या पाडतात. मलिक अंबर १६२६ साली वारला. बाबा शाह मुसाफिर हे बुखाऱ्याकडच्या घिज्दुवानहून आलेले नक्षबंदी या सूफी पंथातले संत. त्यांचं निधन १७१५ साली झालं. म्हणजे १६२४ मध्ये ज्यांची आठवण जपायची ते गृहस्थ पुढं नव्वद वर्षांनी गेले. त्यांचे गुरू बाबा पलंगपोश यांचं निधनसुद्धा १६९९ चं.

मलिक अंबराचं नाव इथं का चिकटलं, ते समजण्यासारखं आहे. १६१० साली त्यानं खडकी (म्हणजे आजचं संभाजीनगर) गाव वसवलं आणि त्या गावाला पाणी आणणारी नहर-ए-अंबरी खोदून घेतली. नहरींच्या या शहराचा पाया त्यानंच घातला, हे त्याचं श्रेय कुणी काढून घेऊ शकत नाही. पण शहरात नहरी अनेक आहेत. बेगमपुऱ्याची थत्ते नहर वेगळी, पाणचक्कीची नहर वेगळी, अंबरी वेगळी. एका माणसाच्या नावावर सगळ्या टाकल्या की पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत ज्यांनी खोदलं, बांधलं, पैसा दिला, ते सगळे पुसले जातात.

बांधकामाशी जोडलं जाणारं नाव आहे तुर्कताज खान, निजाम-उल-मुल्क आसफजाहच्या पदरचा सरदार. पुस्तिकांमध्ये आणि फलकांवर त्याच्या नावापुढं कधी १६९५ तर कधी १७४४ हे साल दिसतं. इथं थोडं थांबून बघावं. आसफजाहचा जन्म १६७१ चा, ‘निजाम-उल-मुल्क’ ही पदवी मिळाली १७१३ साली. १६९५ मध्ये तो चोवीस वर्षांचा बादशाही सरदार होता. पदरी उमराव बाळगून दख्खनवर राज्य करणारा निजाम तो फार नंतरचा. तेव्हा ‘निजामाच्या सरदारानं १६९५ मध्ये बांधली’ हे वाक्य आहे तसं टिकत नाही. आसफजाहच्या कारकिर्दीशी १७४४ जुळतं. फलकावरचं साल उतरवून घेण्याआधी माणसांच्या तारखा त्याच्याशी ताडून पाहिल्या, तर असा घोटाळा पाच मिनिटांत उघडा पडतो.

‘जगात अशी दुसरी नाही’

हिमाचल, उत्तराखंड, काश्मीरमध्ये याच तत्त्वावरच्या पाणगिरण्या ओढ्या-ओढ्यांवर आहेत. तिकडं त्यांना घराट म्हणतात. दख्खनच्या पठारावर मात्र बारमाही ओढा नसताना, केवळ नहरीच्या पाण्यावर चाललेली गिरणी ही खरोखर दुर्मीळ गोष्ट आहे. कौतुक करायचं तर याचं करावं.

‘पाणी गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढतं; उगम अज्ञात आहे’

उगम अज्ञात नाही. शहराच्या उत्तरेला हर्सूल-जटवाड्याच्या बाजूला डोंगरपायथ्याशी जमिनीत झिरपलेलं पाणी विहिरीत गोळा करून ते बंद नळांतून काही किलोमीटर आणलं आहे. डोंगरपायथा उंचावर, पाणचक्की खाम नदीच्या काठाला, म्हणजे सखल जागी. सगळं कोडं या दोन उंचींतल्या फरकातच सुटतं.

गवंडी भिंतीची पातळी काढायला पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी वापरतो, ती आठवा. नळीचं एक टोक या खांबाला, दुसरं त्या खांबाला, मधली नळी जमिनीवर लोळत असते. तरी दोन्ही टोकांतलं पाणी एकाच उंचीला येऊन थांबतं. मधे ते खाली गेलं आणि पुन्हा वर आलं, यात गुरुत्वाकर्षणाविरुद्ध काही झालं नाही. उलट गुरुत्वाकर्षणामुळंच ते झालं. नहरीचा बंद नळ म्हणजे हीच नळी, फक्त खापराची आणि कोसभर लांब.

आता यात एक बारकावा आहे. गवंड्याच्या नळीतलं पाणी उभं असतं. नहरीतलं वाहतं असतं, आणि वाहताना नळाच्या भिंतींना घासून त्याचा जोर खर्च होतो. समजा किलोमीटरमागं १ मीटर उंची अशी खर्च झाली, तर ६ किलोमीटरला ६ मीटर गेली. पाणचक्कीत ज्या उंच भिंतीवरून पाणी खाली पडतं, तिच्या माथ्यापेक्षा उगम १० मीटर उंच असेल, तर माथ्यावर पोचताना ४ मीटरचा जोर शिल्लक राहतो. नळ गाळानं अर्धा भरला की घर्षण वाढतं, खर्च वाढतो, आणि एक दिवस पाणी भिंतीच्या माथ्यापर्यंत पोचतच नाही. ‘उगमाला पाणी आहे पण इथं पडत नाही’ अशी तक्रार ऐकू आली की पहिला संशय गाळावर घ्यावा.

याला सगळे सरसकट ‘सायफन’ म्हणतात, त्यानंही घोळ होतो. बादलीतून पाणी काढायला आपण नळी काठावरून वर नेऊन खाली सोडतो, तो सायफन. त्यात पाणी आधी उगमापेक्षा वर जातं आणि हवेच्या दाबाच्या जोरावर तिथं टिकतं. त्याला मर्यादा आहे: समुद्रसपाटीला साधारण १० मीटर, आणि संभाजीनगर सुमारे ५७० मीटर उंचीवर असल्यानं इथं त्याहूनही थोडी कमी, साडेनऊच्या आसपास. पाणचक्कीचा नळ याच्या उलट आकाराचा आहे. मधे खाली उतरतो आणि शेवटी वर येतो, पण कुठंही उगमाच्या पातळीच्या वर जात नाही. म्हणून त्याला हवेच्या दाबाची गरज नाही. त्याचा त्रास वेगळाच: जिथं नळ सगळ्यात खोल, तिथं आतून दाब सगळ्यात जास्त. दर १० मीटर खोलीला चौरस सेंटिमीटरवर १ किलो. खापराचा नळ एवढा दाब एकटा सोसत नाही, म्हणून त्याच्याभोवती चुन्यातलं दगडी बांधकाम लागतं.

वाटेत उभारलेले मनोरे हे त्या दाबासाठीच. मनोऱ्यात पाणी वर येतं, मोकळ्या हवेला लागतं, पुन्हा खाली उतरून पुढच्या टप्प्यात जातं. तीन कामं एकदम होतात: नळात अडकलेली हवा बाहेर पडते, गाळ तळाशी बसतो, आणि एका टप्प्याचा दाब दुसऱ्यावर चढत नाही. हवा अडकली तर भरल्या नळातूनही पाणी पुढं सरकत नाही. शेतात उंचसखल जागेवरून पाइपलाइन टाकणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही, त्यानं एअर व्हॉल्व्ह बसवलेलाच असतो. मनोरा हा त्या काळचा एअर व्हॉल्व्ह आहे. तो ‘निरुपयोगी जुना खांब’ म्हणून पाडला की खालची नहर मेलीच समजा.

‘वीज लागत नाही, ऊर्जा फुकट, हॉटेलभर भाकऱ्या होतील’

पडत्या पाण्यात जोर किती, याचा हिशोब सोपा आहे. दर सेकंदाला १ लिटर पाणी १ मीटर पडलं तर ९.८ वॅट मिळतात. नहरीला झुकतं माप देऊन धरू की सेकंदाला १० लिटर पाणी ६ मीटरवरून पडतंय. १० गुणिले ६ गुणिले ९.८, म्हणजे ५८८ वॅट. हा झाला पाण्यातला जोर. आडव्या चाकाची साधी पाणगिरणी त्यातला जेमतेम पाव हिस्सा दगडापर्यंत पोचवते. बाकीचं पाणी पात्यांवरून उडून जातं. हाती आले १५० वॅट.

घरगुती आटाचक्कीची मोटर १ अश्वशक्तीची, म्हणजे ७५० वॅटची, आणि ती तासाला सात-आठ किलो दळते. त्याच मापानं १५० वॅटला दीड किलो; पाणगिरणीचा मोठा संथ दगड चांगला टाकलेला (छिन्नीनं टाकी मारून धार आणलेला) असेल तर २ किलो धरा.

आता हॉटेल. दुपार-रात्र मिळून १०० माणसं जेवली, माणशी दोन भाकऱ्या, भाकरीला ८० ग्रॅम पीठ. १६ किलो पीठ झालं. तासाला २ किलोनं आठ तास दळावं लागेल. या आठ तासांत पाणी किती लागलं? तासाला ३६ हजार लिटर, आठ तासांत २ लाख ८८ हजार लिटर. मराठवाड्याला समजेल अशा मापात सांगायचं तर १२ हजार लिटरचे २४ टँकर. १६ किलो पिठासाठी.

यावर लगेच उत्तर येतं: मग तेच पाणी पंपानं वर चढवा आणि फिरवत राहा. तोही हिशोब करू. १० लिटर पाणी ६ मीटर चढवायला पाण्यात ५८८ वॅट घालावे लागतात. पंप आणि मोटर मिळून निम्मं वाया घालवतात असं धरलं तर विजेच्या मीटरवर १,२०० वॅट दिसतील. त्या १,२०० वॅटमधून पाणचक्की २ किलो दळेल. तेवढ्याच विजेवर साधी मोटरची चक्की १२ किलो दळेल. पंप लावून कारंजं उडवायला हरकत नाही, पण त्याला फुकट ऊर्जा म्हणू नये.

मग पूर्वी या गिरणीवर तकियातल्या (फकिरांच्या मठातल्या) मुरीदांचं, म्हणजे शिष्यांचं, आणि वाटसरूंचं पोट भरत होतं ते कसं? अशा गिरण्या रात्रंदिवस चालवायच्या असतात. तासाला २ किलो हे आज हास्यास्पद वाटतं, पण चोवीस तासांत त्याचे ४८ किलो होतात, आणि त्यासाठी कुणाही बाईला पहाटे उठून जातं ओढावं लागत नाही. दुपारी एकला शंभर माणसांची गर्दी आली म्हणून तिचा वेग वाढवता येत नाही, एवढीच अडचण. ती गिरणीची चूक नाही. ती हॉटेलसाठी बांधलेलीच नव्हती.

‘जातं तयार आहे, पाणी सोडलं की पीठ’

यंत्र बघायला साधं आहे. खाली आडवं चाक, त्याला पाती. पातीवर पाण्याचा झोत. चाकातून उभा दांडा वर येतो, खालच्या स्थिर दगडाच्या भोकातून पार होतो आणि वरच्या दगडाला पकडतो. दांतेरी चाकं नाहीत, पट्टा नाही. चाकाचा एक फेरा म्हणजे दगडाचा एक फेरा. पण ‘फिरतं’ आणि ‘दळतं’ यात फार अंतर आहे.

दोन दगडांमधली फट मधोमध जरा मोकळी, कडेला कागदाएवढी असावी लागते. दाणा मधून शिरतो, फुटतो, बाहेर सरकत बारीक होतो. वरच्या दगडाची पातळी एका बाजूला केसभर जरी झुकली, तर तिकडं पीठ जळतं आणि दुसरीकडून भरडा येतो. वर्षानुवर्षं पर्यटकांना दाखवण्यासाठी दाणे न टाकता दगड फिरवले गेले, तर ते एकमेकांना घासून गुळगुळीत होतात. घरातल्या म्हाताऱ्या रिकामं जातं फिरवू देत नाहीत, ते याचसाठी. त्याला अपशकुन म्हणा, पण मागचं कारण दगडाचं आहे.

असे दगड पुन्हा दळते करायचे तर टाकवून घ्यावे लागतात. वरचा दगड उचलणं हेच मोठं काम: १ मीटर व्यासाचा आणि १५ सेंटिमीटर जाडीचा काळ्या पाषाणाचा दगड साधारण ३४० किलो भरतो. तिवई आणि चेनपुली लावूनच उचलावा; पहारीनं उपसायला गेलं की कड फुटते, आणि कड फुटलेला दगड पीठ सारखं बाहेर टाकत नाही. दगड उलटा झाला की गेरू लावलेली सरळ लाकडी पट्टी त्याच्यावरून फिरवायची. जिथं गेरू लागला तो उंचवटा. तेवढाच छिन्नीनं उतरवायचा, पुन्हा पट्टी फिरवायची. गेरू सगळीकडं सारखा लागेपर्यंत हेच. मग मधून कडेकडं जाणाऱ्या खाचा खोल करायच्या, मधल्या जागेवर बारीक टाकी मारायची. हे काम पिढ्यान्‌पिढ्या वडार आणि टाकारी समाजातले कारागीर करत आले आहेत. गावोगाव ‘टाकी लावायची का’ म्हणत फिरणारी ती माणसं आता कमी झाली आहेत, पण संपलेली नाहीत. त्यांना बोलवावं. ग्राइंडर मशीन घेऊन येणाऱ्या फरशीवाल्याला या दगडाला हात लावू देऊ नये; ग्राइंडरनं दगड सपाट होतो, पण दाणा पकडणारी धार येत नाही.

टाकलेल्या दगडातून पहिलं पीठ खाऊ नये. पाच-दहा किलो हलकं धान्य किंवा कोंडा दळून तो टाकून द्यायचा, मग पुन्हा तेवढंच. चिमूटभर पीठ दाताखाली धरून कचकच लागली तर अजून एक फेरी.

यातली सगळ्यात गंभीर गोष्ट शेवटी सांगतो, कारण मजकुरात तिचा मागमूस नाही. वरच्या दगडात लोखंडी पट्टी बसवताना ती हलू नये म्हणून भोकात वितळलेलं शिसं ओतायची पद्धत अनेक देशांत होती. पट्टी सैल होत जाते तसं शिसं झिजून पिठात उतरतं. १९८० च्या दशकात वेस्ट बँकमधल्या पॅलेस्टिनी खेड्यांत घराघरांत शिशाची विषबाधा आढळली. शोध घेतल्यावर ती गावच्या दगडी गिरण्यांच्या पिठातून आल्याचं निघालं. तेव्हा कुठल्याही जुन्या गिरणीचं पीठ माणसाला वाढायच्या आधी पट्टीभोवतीचा राखाडी, नखानं ओरखडा पडणारा मऊ धातू तपासावा, आणि दळलेल्या पिठाचा नमुना प्रयोगशाळेत शिशासाठी पाठवावा. पोरांच्या पोटात जाणारी गोष्ट आहे, इथं अंदाज चालत नाही.

‘संथ दळलेलं पीठ कधी खराब होत नाही’

पहिला भाग बरोबर, दुसरा उलटा. संथ दगडातून पीठ गार निघतं हे खरं. पण त्यात दाण्याचा अंकुर आणि त्यातलं तेल सगळं राहतं, आणि तेच हवेला लागून खवट होतं. बाजरीचं पीठ तर आठवड्याभरात कडवट लागतं. ज्वारी मालदांडी असो की परभणी मोती, पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. परातीत कितीही मळा, थापताना भाकरीच्या कडा फाटतात. दळण रोजचं रोज आणि लागेल तेवढंच करायचं, ही आपल्याकडची रीत उगाच पडलेली नाही.

‘हौदाखालचं तळघर म्हणजे नैसर्गिक एसी’

हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत आहे, ही रचना खरी आणि थक्क करणारी. उन्हाळ्यात यात्रेकरूंनी तिथं विसावा घ्यावा, अशी ती सोय. पण गारवा येतो कशामुळं? वरच्या पाण्यामुळं. पाण्याचं बाष्प होताना उष्णता खेचली जाते, आणि भरलेला हौद दुपारचं ऊन खाली पोचू देत नाही. हौद कोरडा पडला की तेच छत दिवसभर तापतं.

आणि विसावा घेणारी माणसं वेगळी, जेवणारी वेगळी. बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता सोडतो. ६० माणसं म्हणजे ६,००० वॅट, चार-पाच इस्त्र्या सतत चालू ठेवल्यासारखं. त्यात तवे, फोडणीचा धूर, रस्स्याची वाफ. आधीच दमट असलेल्या बंदिस्त दालनात ही वाफ चुन्याच्या गिलाव्यात मुरते. मग भिंतीला लोणा फुटतो, पांढरे क्षार बाहेर येतात आणि गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. लोक घाबरून त्यावर सिमेंटचा थर देतात. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही, ती आतल्या आत दगडाच्या सांध्यांत साठते, आणि पाच वर्षांनी सिमेंटसकट दगडाचा पृष्ठभाग निघून येतो.

शिवाय वर पाणी आहे हे विसरू नये. १ मीटर खोल पाणी म्हणजे दर चौरस मीटरला १ टन वजन. त्या छताला धुराडं काढायला, पंखे टांगायला किंवा पाइप न्यायला एकही भोक पाडायचं नसतं. हौद महिनोन्‌महिने कोरडा ठेवून एकदम काठोकाठ भरणं हेही तितकंच वाईट: सुकलेल्या चुन्याला बारीक तडे गेलेले असतात आणि पाणी तिथूनच वाट काढतं. दिवसाला वीतभर या बेतानं भरावा आणि रोज खालून छत बघत जावं.

‘परदेशात केलं, मग इथं का नको’

कारण ती मोकळी पडलेली गिरणी नाही. तो दर्गा आहे. आवारात मजारी आहेत, मशीद आहे, नमाजाला आणि दर्शनाला रोज माणसं येतात. मालमत्ता वक्फची, राज्याच्या वक्फ मंडळाचं मुख्य कार्यालयच त्या आवारात आहे. तिथं भाकरीचा लंगर शोभेल, बिल फाडणारं हॉटेल शोभणार नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

जुन्या गिरणीत जेवणघर करण्याची हौस मात्र चांगली आहे आणि तिला मराठवाड्यात जागा भरपूर आहे. जालना, परभणी, सेलू, मानवत या कापसाच्या पट्ट्यात जिनिंग-प्रेसिंगच्या जुन्या शेड, तेलाच्या गिरण्या, डाळमिली बंद पडून आहेत. त्यांची लाकडी किंवा लोखंडी कैची (छत पेलणारी तिकोनी चौकट), उंच छत आणि जाड भिंती वाचवण्यासारख्या आहेत. तिथं काय बिघडतं ते आधी सांगून ठेवतो. जिनिंगच्या शेडमध्ये कैचीवर आणि पत्र्याच्या वळचणीत सरकीचा तंतू आणि धूळ दाट बसलेली असते; वेल्डिंगची एक ठिणगी पुरते. ती धूळ फुंकून उडवू नये, ओढून घेणाऱ्या यंत्रानं काढावी, आणि ती पूर्ण निघेपर्यंत शेडमध्ये आगीचं कुठलंच काम करू नये. छताला सिमेंटचे करडे पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस धरूनच चालावं: ते फोडायचे, कापायचे किंवा घासायचे नाहीत, ओले करून अख्खे उतरवायचे. तेलगिरणीची शहाबादी फरशी अनेक वर्षं तेल प्यायलेली असते. तिच्यावर नवी टाइल चिकटत नाही, दोन पावसाळ्यांत सुटते. फरशी काढून, खालची तेलकट माती हातभर उकरून नवा मुरूम भरावा. इंजिन आणि छताजवळचा लांब फिरता दांडा जागीच ठेवावा, पण पुलीला कुलूप घालून. मुलं त्याला लोंबकळतात.

‘चारशे वर्षांत एकदाही थांबलं नाही’

गिरणीच तीनशेच्या घरातली आहे, हे वर आलंच. पाणीही थांबतं, कमी होतं, उन्हाळ्यात धार बारीक होते. नहरीचं पाणी म्हणजे डोंगरपायथ्यात मुरलेला पाऊस. वर बोअर वाढले की ते पाणी नळापर्यंत येतच नाही. शहर वाढलं तसे नहरीवरून रस्ते गेले, पाये खणले गेले, जेसीबीचा दात लागला. वड-पिंपळाची मुळं सांध्यात शिरली. यातला सगळ्यात घातक प्रकार डोळ्यांना दिसत नाही: नळ भरून दाबाखाली असतो तोवर फटीतून पाणी बाहेर जातं. नळ अर्धवट रिकामा झाला की त्याच फटीतून बाहेरचं गटाराचं पाणी आत येतं. म्हणजे धार बारीक होते तेव्हाच पाणी घाणही होतं. वरून स्वच्छ दिसणाऱ्या अशा पाण्यानं भांडी धुवायची कल्पना तर सोडूनच द्यावी.

दुरुस्ती करायची तर उगमाकडून खाली यावं, गिरणीकडून वर जाऊ नये. आधी विहीर आणि मनोरे उपसायचे, मग टप्प्याटप्प्यानं नळ. सांधे चुन्यातच भरायचे: एक भाग मुरवलेला चुना, एक भाग सुर्की (विटांची भुकटी), दोन भाग वाळू. कळीचा चुना हौदात भिजवून निदान काही आठवडे मुरू द्यावा. घाईनं वापरलेला चुना सांध्यात गेल्यावर फुगतो आणि खापर फोडतो. भरलेला सांधा ओल्या गोणपाटाखाली ठेवायचा, पाणी लगेच सोडायचं नाही.

आणि या सगळ्याच्याही आधी पाणी मोजावं. चर अडवून एक फळी बसवायची, तिच्यात व्ही आकाराची काटकोनी खाच पाडायची आणि खाचेच्या टोकापासून पाणी किती उंच उभं राहतं ते फळीच्या जरा मागं पट्टीनं बघायचं. १४ सेंटिमीटर भरलं तर सेकंदाला १० लिटर. ७ सेंटिमीटर भरलं तर निम्मं नव्हे, पावणेदोन लिटरच्या आसपास. सरळ वाहतं पाणी नुसतं बघून माणूस इथंच फसतो. हे मोजमाप आठवड्यातून एकदा, मृगापासून पुढच्या मृगापर्यंत वहीत लिहावं. वैशाखातला आकडा हाती आल्यावर गिरणी किती दिवस आणि किती तास फिरेल ते ठरतं.